यादी हातात, दप्तर समोर

२०२३ च्या सप्टेंबरपासून मराठवाड्यात मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. त्याआधी वीस-बावीस वर्षे मी जुने कागद वाचत होतो, तेव्हा घरी येणारे पाहुणे ‘अजून चालू आहे का ते तुमचं?’ एवढेच विचारीत. आता सकाळी सातलाच दारात मोटरसायकली उभ्या राहू लागल्या. कुणाच्या हातात वंशावळ, कुणाच्या हातात मोबाईलवर काढलेला अंधूक फोटो. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालची समिती शासनाने नेमली होती, मराठवाड्यातल्या निजामकालीन आणि नंतरच्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले होते, आणि प्रत्येकाला आपल्या पणज्याचे नाव हवे होते.

आरक्षणाच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिण्याचा हा लेख नव्हे. मला त्या दिवसांत एका वेगळ्याच प्रश्नाने धरले. नावांची एक लांब यादी हातात आहे, समोर त्याहून कितीतरी मोठे दप्तर आहे, आणि यादीतले कोणते नाव दप्तरात आहे ते काढायचे आहे. हे काम माणसाने कसकसे केले? संगणकाने ते कसे शिकून घेतले? आणि ‘सापडले नाही’ असे जेव्हा एखादे दप्तर किंवा एखादे यंत्र सांगते, तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय?

किलेअर्कातले चेहरे

या प्रश्नाची जुनी पाळेमुळे आमच्याच शहरात आहेत. औरंगजेबाने १६९२ मध्ये बांधलेल्या किलेअर्कात मोगलांच्या दख्खन सुभ्यांचे दप्तर होते. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले हे फार्सी कागद १९१६ मध्ये निजाम सरकारने हैदराबादला हलवले. आज ते तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. या कागदांतला एक मोठा गठ्ठा ‘अर्ज-ओ-चेहरा’ या प्रकाराचा आहे. अर्ज म्हणजे हजेरी, चेहरा म्हणजे वर्णन. मनसबदाराने जितके स्वार आणि घोडे ठेवायचे कबूल केले, तितके तो खरोखर ठेवतो की नाही, हे तपासण्याची ही व्यवस्था. घोड्याला डाग द्यायचा, त्याचा रंग आणि खुणा लिहायच्या. स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात-जमात, राहण्याचे ठिकाण आणि चेहऱ्याचे वर्णन, म्हणजे वर्ण, भुवया, तीळ, व्रण, नोंदवायचे. पुढच्या हजेरीला तोच माणूस आणि तोच घोडा उभा आहे का, ते कागदाशी ताडून बघायचे. भाड्याचे घोडे आणि उसनी माणसे उभी करून पगार उचलण्याला आळा घालण्याचा तो उपाय होता.

त्या कारकुनांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नुसते नाव पुरत नाही. एका तुकडीत एकाच नावाचे चार स्वार असणारच. म्हणून नाव, बाप, गाव आणि खूण असा चौघांचा मेळ घालायचा. ओळख एका रकान्यावर सोडायची नाही, हा धडा सतराव्या शतकातला आहे.

मात्र ताडण्याची त्यांची रीत सरळसोट होती. माणूस उभा करायचा आणि बाड चाळायचे. माणसे शंभर आणि पाने शंभर असतील, तर हे चालून जाते. दोन्ही बाजू वाढल्या की कष्ट वाढत नाहीत, ते गुणले जातात. यादीत दहापट नावे आणि दप्तरात दहापट पाने झाली, तर काम शंभरपट होते. या प्रश्नाचा सारा इतिहास म्हणजे हा गुणाकार टाळण्याची खटपट आहे.

रंगीत चिठ्ठ्या

टाळण्याचा पहिला मोठा उपाय हिंदुस्थानच्या जनगणनेत दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांमध्ये गणतीचे तक्ते वाचून मोठ्या कागदांवर खुणा मारीत बेरजा काढल्या जात. १९०१ मध्ये पद्धत बदलली. बव्हेरियात १८७१ च्या सुमारास फॉन मायर यांनी वापरलेली चिठ्ठ्यांची पद्धत इथे आणली गेली. प्रत्येक माणसाची माहिती एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीचा रंग धर्माप्रमाणे, वरच्या खुणेवरून स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित. मग या चिठ्ठ्या खणांच्या घोड्यात टाकायच्या. एक खण एका जातीचा, दुसरा दुसऱ्या जातीचा.

यात काय साधले? चिठ्ठी हातात आली की ती कुठे जाणार, हे चिठ्ठीकडे पाहूनच कळते. बाकीचे खण चाळावे लागत नाहीत. टपाल कार्यालयातला माणूस पत्रे वाटताना हेच करतो, आणि आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबाही हेच करतो. हळद शोधायला कुणी मोहरीची वाटी चाळत नाही.

न्यूयॉर्कच्या आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात हीच कल्पना यंत्रासाठी मांडली. नावावर किंवा आकड्यावर एक ठरावीक हिशेब करायचा आणि येणाऱ्या उत्तराच्या खणात ते ठेवायचे. पुढे शोधताना तोच हिशेब पुन्हा केला की खण मिळतो. यालाच पुढे हॅशिंग हे नाव पडले. क्रेडिट कार्डाच्या आकड्यातली चूक ओळखणारा शेवटचा अंक, तोही याच लूनसाहेबांचा.

दुसरा उपाय याहून जुना आणि घरगुती आहे: क्रम लावणे. शब्दकोशात ‘पैठण’ शोधताना आपण ‘अ’ पासून सुरुवात करीत नाही. मधोमध उघडतो, मग अर्ध्याचे अर्धे करतो. तीन लाख शब्दांच्या कोशातही या रीतीने फार तर एकोणीस वेळा पाहावे लागते. जॉन मॉक्ली यांनी १९४६ मध्ये ही निम्मे-निम्मे करण्याची युक्ती यंत्रासाठी व्याख्यानात सांगितली. चकतीवर साठवलेल्या अफाट दप्तराला ती लागू पडेल अशी रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोईंग कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास केली. तिला ‘बी-ट्री’ म्हणतात. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जिथे जिथे नाव टाकताच नोंद समोर येते, तिथे बहुधा तिच्याच कुळातली एखादी सूची काम करीत असते.

माझी एक रात्र

आता माझ्या घरची गोष्ट. खाजगी बाडांतून, देवस्थानांच्या वह्यांतून आणि पाहायला मिळालेल्या नोंदवह्यांतून मी जी टिपणे काढली, ती गेली काही वर्षे संगणकावर भरत आलो. नाव, बापाचे नाव, गाव, साल, जात, कागदाचा प्रकार असे रकाने. तीन लाखांच्या आसपास ओळी झाल्या होत्या. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर पुस्तके उघडून आणि चुका करून जे आले तेवढेच.

२०२३ च्या दिवाळीपूर्वी माझ्याकडे आलेल्या वंशावळींतली नावे एकत्र केली, तर ती चार हजारांवर गेली. म्हटले, एकेक नाव किती दिवस शोधायचे? सगळी यादी एका प्रश्नात घालू आणि एकदाच विचारू. यादी स्वल्पविराम देत देत एकाच ओळीत कोंबली. शिवाय शुद्धलेखनाची अडचण होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत. कुणी ‘न’ वाचतो तिथे कुणी ‘ण’. म्हणून प्रत्येक तुलनेच्या वेळी दोन्ही नावांतले ऱ्हस्व-दीर्घ आणि न-ण सारखे करून मग ताडावे, अशी अट घातली. रात्री दहाला बटण दाबले. सकाळी सहाला पंखा घरघरत होता आणि पडद्यावर उत्तर नव्हते.

लक्ष्मीपूजनाला भाचा पुण्याहून आला. तो याच धंद्यातला. त्याने प्रश्न वाचला आणि हसला. म्हणाला, “मामा, तुम्ही यंत्राला एकशे वीस कोटी वेळा शुद्धलेखन तपासायला लावलंय.” हिशेब बरोबर होता. चार हजार गुणिले तीन लाख. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, सारखे केलेले शुद्धलेखन प्रत्येक ओळीपुढे एका नव्या रकान्यात एकदाच लिहून ठेवले. म्हणजे ते काम कोट्यवधी वेळा न होता तीन लाख वेळा झाले. दुसरी, त्या रकान्याची सूची बांधली. तिसरी, माझी यादी प्रश्नाच्या पोटातून बाहेर काढून तिचा स्वतंत्र तक्ता केला, तिच्या नावांचेही शुद्धलेखन तसेच सारखे केले आणि दोन तक्ते एकमेकांना जोडले. आता चार हजार नावांसाठी प्रत्येकी फार तर एकोणीस पावले, म्हणजे पाऊण लाखाच्या घरात तुलना. चहा गाळून होईतो उत्तर आले होते.

यंत्राचा अंदाज

मी त्याला विचारले, यंत्राला हे आपले आपण का कळू नये? त्यावर त्याने जे सांगितले ते नंतर मी मुळातून वाचले. १९७० च्या जूनमध्ये एडगर कॉड यांनी सारी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे, हा तिचा गाभा. ‘कसे’ हे यंत्राने ठरवायचे म्हणजे त्याला अंदाज बांधता आला पाहिजे. सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये हा अंदाज बांधण्याचे नियम लिहिले. त्यांत यादीसाठी खास नियम आहे: एका नावामागे दप्तरातला जितका हिस्सा निघेल असे वाटते, त्याला यादीतल्या नावांच्या संख्येने गुणायचे, पण उत्तर निम्म्या दप्तराच्या पुढे जाऊ द्यायचे नाही. आणि त्या रकान्याची सूचीच नसेल, तर एका नावामागे दहावा हिस्सा धरून चालायचे. म्हणजे यादीत पाच नावे झाली की यंत्र समजते, अर्धे दप्तर बाहेर काढावे लागणार. मग ते सगळेच पान पान वाचायला बसते.

यात यंत्राचे चुकते असेही नाही. निम्मी पाने लागणारच असतील, तर सूची उघडून पुन्हा पुन्हा कपाटाकडे धावण्यापेक्षा पहिल्या पानापासून वाचत जाणे खरेच स्वस्त असते. पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात काढताना गो. स. सरदेसाई आणि त्यांच्या साहाय्यकांना रुमाल सोडून कागद पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. हवे ते कुठे असेल याची सूचीच नसली, तर एकच शहाणपण उरते: वाचायचे एकदाच, पण वाचताना शोधायच्या सगळ्या गोष्टी मनात ठेवून वाचायचे. एका प्रश्नासाठी एक फेरी असे करीत बसलो तर आयुष्य पुरत नाही.

‘मनात ठेवणे’ हेच यंत्राच्या भाषेत यादीचे हॅश करणे. गंमत अशी की लून यांचे टिपण १९५३ चे असूनही, ‘पोस्टग्रेस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त डेटाबेसमध्ये लिहून दिलेल्या लांब यादीला ही युक्ती आपोआप लागू होऊ लागली ती २०२१ च्या आवृत्तीपासून. तोवर ते अशी यादी दर ओळीला पहिल्या नावापासून ताडून पाहत असे. ‘ओरॅकल’ तर वर्षानुवर्षे अशी लिहून दिलेली यादी हजार नावांच्या पुढे गेली की सरळ नाकारत असे. कल्पना जुनी असते. ती आपल्या कामाच्या टेबलापर्यंत यायला वेळ लागतो.

पावणेदोन कोटी कागद

हे सगळे डोक्यात ठेवून मराठवाड्यातल्या शोधाकडे पाहिले म्हणजे त्या कामाचा आवाका कळतो. तपासायच्या कागदांचे प्रकारच पाहा. महसूलचे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम, भूमी अभिलेखचे पक्के बुक, पोलिसांचे अटक पंचनामे, कारागृहाच्या वह्या, उत्पादन शुल्काचे परवाने, वक्फ मंडळाचे मुंतखब. यांतले काही मोडीत, काही उर्दूत, काही फार्सीत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली राज्यकारभाराची भाषा फार्सीची उर्दू झाली होती.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस समितीचा पहिला अहवाल आला, तेव्हा मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून ११,५३० नोंदी सापडल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. म्हणजे दीड हजार कागदांमागे एक. यंत्राने केलेले हे काम नव्हे; तलाठी, शिक्षक, मोडी आणि उर्दूचे जाणकार यांनी डोळ्यांनी केलेले काम आहे. सूची नसलेल्या दप्तराची अखंड फेरी.

आणि डोळा कशाशी ताडत होता? एका शब्दाशीही नव्हे, शब्दांच्या यादीशी: कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा. उर्दूत ‘ण’ नाही, म्हणून ‘कुनबी’. ऱ्हस्व उकार बहुधा लिहीतच नाहीत. ‘नून’ आणि ‘बे’ शब्दाच्या मध्ये आले की दोघांचा दात सारखाच. भेद फक्त नुक्त्याचा, वर की खाली. घाईच्या शिकस्ता लेखणीत नुक्ते गळालेले. माझ्या पाहण्यातल्या एका वहीत तर नुसते ‘कु.’ होते. आता हे ‘कुणबी’ की मुलीच्या नावाआधीचे ‘कुमारी’?

अशी वेळ इतरांवरही आली आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला आणि लाखो लोकांपुढे वयाचा पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला. जन्मदाखले नव्हते; होती १८८० ची जनगणना. मग बेरोजगारांना हाताशी धरून त्या जनगणनेतल्या दहा वर्षांपर्यंतची मुले असलेल्या कुटुंबांची कार्डे तयार केली गेली, आणि ती लावली उच्चारावरून. १९१८ मध्ये रॉबर्ट रसेल यांनी पेटंट घेतलेली ‘साउंडेक्स’ ही रीत त्यासाठी वापरली: सारखे ऐकू येणारे आडनाव कसेही लिहिले तरी एकाच खणात पडावे. आधी सूची, मग शोध. आपल्याकडे शोध आधी झाला. निदान सापडलेल्या नोंदींबरोबर न सापडलेल्या पानांचीही सूची त्याच फेरीत झाली असती, तर उद्या दुसऱ्या कुणाला दुसरा शब्द शोधायचा असेल तेव्हा पुन्हा पावणेदोन कोटी कागद उलगडावे लागले नसते.

‘आढळ होत नाही’

शेवटी त्या दिवाळीतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सापडलेली नावे मिळाल्यावर मी यंत्राला उलटे विचारले: यादीतली कोणती नावे माझ्या दप्तरात *नाहीत*? उत्तर आले, एकही नाही. क्षणभर मला हर्ष झाला. चार हजारच्या चार हजार नावे सापडली! मग लक्षात आले की हे अशक्य आहे. मघाच्या उत्तरात जेमतेम चारशे होती.

भाच्याने कारण शोधले. एका फाटक्या पानावरचे नाव मला वाचता आले नव्हते, म्हणून मी तो रकाना रिकामा सोडला होता. डेटाबेसच्या तर्कशास्त्रात रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे, ‘माहीत नाही’. कॉड यांनी १९७९ च्या लेखात विस्ताराने मांडलेले हे तीन पदरी तर्कशास्त्र आहे: होय, नाही आणि माहीत नाही. ‘खंडोजी या दप्तरात नाही का?’ असे विचारले की यंत्र म्हणते, ते न वाचलेले नाव खंडोजीचेच नसेल कशावरून? म्हणून ते एकाही नावाबद्दल ‘नाही’ अशी ग्वाही देत नाही आणि यादी कोरी येते. भाचा म्हणाला, “मामा, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारायचा असतो.” त्याने तो तसा विचारलाही आणि साडेतीन हजारांवर नावांची यादी आली. पण मला त्या कोऱ्या उत्तरात यंत्राचा प्रामाणिकपणा दिसला. एक पान न वाचलेले असेल, तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

कॉड यांच्या लेखानंतर महिन्याभरात, जुलै १९७० मध्ये, त्याच नियतकालिकात बर्टन ब्लूम यांचा लेख आला होता. त्यात एक चाळणी आहे. फार थोड्या जागेत ती मोठी यादी सांभाळते, पण कधीकधी चुकते. तिची चूक मात्र एकाच बाजूची असते. ती नसलेल्याला ‘असेल’ म्हणेल, पण असलेल्याला ‘नाही’ कधीच म्हणणार नाही. तिच्या ‘असेल’ची मागून खातरजमा करता येते. डोळ्यांनी केलेल्या शोधाची चूक बहुधा उलट्या बाजूची असते. थकलेला डोळा असलेल्यावरून पुढे जातो, आणि त्याच्या ‘नाही’ची खातरजमा कुणी करीत नाही. सरकारी पत्रात मग वाक्य उमटते: ‘सदर नोंद अभिलेखात आढळ होत नाही.’ वाचणारा ते ‘नोंद नाही’ असे वाचतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. किती पाने होती, किती वाचली, किती जीर्ण, किती गहाळ, हे चार आकडे त्या वाक्याखाली लिहिले तर ते वाक्य खरे होईल.

पैठण तालुक्यातले एक गृहस्थ त्या हिवाळ्यात माझ्याकडे पाचदा आले. वंशावळीत चौदा नावे. चारही खुणा जुळवून, नाव, बाप, गाव, साल, त्यांच्या पणज्याची एक ओळ मला सापडली. एका देवस्थानाच्या वहीत, सव्वा रुपया वर्गणी. मी ती त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “सर, जातीच्या रकान्यात काय आहे?”

रकाना रिकामा होता.

“म्हणजे नाही का?”

मी म्हणालो, “नाही असं नाही. लिहिलेलं नाही.” त्यांनी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला, सव्वा रुपयावर बोट ठेवून पणज्याचे नाव स्वतः एकदा अडखळत वाचले, आणि पुढच्या कोणत्या दप्तरात बघता येईल ते कागदावर लिहून घेतले.